पुढचे मागे, मागचे पुढे

बस डेपोत मामाने तेहतीस वर्षं टायर सांभाळले. कुठला किती झिजलाय हे तो नुसता अंगठा फिरवून सांगायचा, आणि पुढची-मागची चाकं सारखी झिजावीत म्हणून करायची अदलाबदल चुकवून एकही बस कधी फाटकाबाहेर गेली नाही. अशा माणसाच्या सख्ख्या भाचीला टायर जाळायचा नाद लागला. गाडी आडवी घसरवत वळणं घ्यायची, धुराचे लोट काढायचे, वर त्याचेच गुण मिळवायचे. मामाला ही उधळपट्टी बघवत नसे. भाचीला तो भिंगरी म्हणायचा. तिची गाडी ट्रॅकवर गेली की पाठ करून उभा राहायचा. पण जॅक आणि हवेचा गेज घेऊन प्रत्येक स्पर्धेला हजर असायचा तोही तोच.

आज निवड होती. दोन फेऱ्या, त्यातली चांगली धरणार. पहिल्या सोळांत आली तर मोठ्या स्पर्धेत जागा, नाहीतर वर्षभर वाट बघायची.

पहिल्या फेरीत भिंगरीने वळणावर स्टीअरिंग पूर्ण फिरवलं, तरी गाडी नाकासमोर सरळ गेली. मागची चाकं घसरायचं नाव घेईनात. दोन शंकू उडवून ती गवतात जाऊन थांबली. गुण शून्य.

परत येऊन तिने चाकं पाहिली आणि कपाळावर हात मारला. पुढे हवे असलेले नवे, मऊ, रस्ता धरून ठेवणारे टायर मागे बसले होते. मागे घसरायला ठेवलेले जुने कडक टायर पुढे होते.

"मामा, हे कुणी केलं?"

"मीच. तू सकाळी बैठकीला गेलीस तेव्हा. मागचे पार झिजले होते गं, पुढचे कोरे करकरीत. अदलाबदल नको करायला?"

मागचे झिजण्यासाठीच असतात, हे तिने समजावलं. मामाचा चेहरा एवढा पडला की तिचा राग जिथल्या तिथे विरला.

"डेपो सुटला, पण तू काही डेपोतून सुटला नाहीस," ती म्हणाली. "जॅक लाव. आपल्याआधी चारच गाड्या आहेत."

मामाने मऊ टायर पुन्हा पुढे चढवले. पुढून काढलेले दोन आणि जादा आणलेला एक, असे तीन जुने टायर उरले. भिंगरीने हाताला येतील ते दोन उचलले. मामाने तिला थांबवलं. बसच्या मागच्या जोडचाकांना सारखे झिजलेलेच टायर लागतात, नाहीतर एक ओढतो आणि दुसरा घसटतो. त्याने तिन्हींवर अंगठा फिरवला, एक बाजूला ठेवला, उरलेल्या दोन्हींत सारखी हवा भरली.

"आता घसर किती घसरायचंय ते."

दुसऱ्या फेरीला मामाने पाठ फिरवली नाही. आपली जोडी सारखी चालते की नाही, हे त्याला बघायचंच होतं. दोन्ही चाकांतून सारखा धूर निघाला, आणि गाडी शेवटच्या वळणापर्यंत आडवीच राहिली.

भिंगरी चौदावी आली. निकाल ऐकून ती धावत परतली, तर मामा गाडीमागे उकिडवा बसलेला. दोन्ही टायर सारखेच, आतल्या तारा दिसेपर्यंत झिजले होते. तेहतीस वर्षांत असला टायर त्याने कुणाच्या नजरेला पडू दिला नव्हता. आज तो शेजारच्या गाडीवाल्यांना हाका मारमारून दाखवत होता.