सेल्फ फिरतो, इंजिन नाही

मुलांनो, जरा अशी कल्पना करा. तुम्ही भोरमधल्या एका अंगणात उकिडवे बसला आहात. हातात पाना आहे. समोर गोल दिव्यांची, राखाडी रंगाची जुनी मोटार बॉनेट उघडून उभी आहे. आणि चार पावलांवर खुर्ची टाकून एक गृहस्थ मोबाईलवर शूटिंग करताहेत. तुमचं नाही, गाडीचंही नाही. फक्त तुमच्या हातांचं. कसं वाटेल?

ज्ञानूला अगदी तसंच वाटत होतं.

“डावा हात जरा बाजूला घ्या, ज्ञानोबा. दिसत नाहीये,” रघुवीरअण्णा म्हणाले.

पण ज्ञानूला खरं बोचलं ते काही शूटिंग नव्हे. तीस वर्षं अण्णा त्याला ‘अरे ज्ञानू’ म्हणत आले होते. आज एकदम ‘ज्ञानोबा’ आणि ‘घ्या’!

“शूटिंग करा की, अण्णा. पर आदी गाडी काय म्हनतीया त्ये तर ऐकू द्या.”

कामथडीला हायवेच्या कडेला ज्ञानूचं एका शटरचं दुकान होतं. गाड्यांची वायरिंग, डायनामो आणि सेल्फ, एवढंच त्याचं काम. सेल्फ म्हणजे किल्ली फिरवली की इंजिनाला पहिला हिसका देणारी मोटार. नवरात्रात त्यानं अण्णांच्या गाडीचा सेल्फ दुकानात नेला, आत वीज पोचवणारे झिजलेले कार्बनचे तुकडे बदलले आणि खंडेनवमीला परत आणला. अण्णांनी तो घरातल्या हत्यारांबरोबर पाटावर पूजेला ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, ज्ञानूनं तो बसवून दिला. महिनाभर गाडी झकास सुरू होत होती. मग अडायला लागली, आणि आता चार दिवस ठप्प.

तेवढ्यात शेजारच्या बंडूनं अण्णांना विचारलं होतं, “जुन्या सेल्फमध्ये अस्सल तांबं असतं. दुकानात दोन दिवस होता म्हणे?” बस्, ज्ञानूनं तांबं काढून विकलं, असा संशय यायला एवढं पुरलं.

अण्णा जन्मभर भोरच्या कोर्टात वकिली केलेले. त्यांनी कुणाबद्दल नुसती नकारार्थी मान हलवली, तरी ती चार गावांत पोचायची. इथून आपण चोर म्हणून बाहेर पडलो, तर उद्यापासून शटर उघडूनही उपयोग नाही, हे ज्ञानूला पक्कं ठाऊक होतं.

अण्णांची दहा वर्षांची नात चैत्राली गाडीला टेकून उभी होती. दर वेळी ज्ञानू आला की ती अशीच चिकटायची, आणि ज्ञानूलाही शिकवायची हौस.

“चैतूताई, दिव्याकडं बघ. अण्णा, दिवं लावा आन मारा सेल्फ.”

अण्णांनी गाडीत बसून, एका हातात मोबाईल धरूनच किल्ली फिरवली.

“दिवा मंद झाला का गं?”

“नाही. जरासाच.”

“म्हंजी ब्याटरी चांगली. आन आवाज?”

“मिक्सरमध्ये काहीच नसल्यावर येतो तसा. नुसता घूंऽऽ!”

“बराब्बर! मोटार फिरतीया, पर इंजिनाला धरंना. म्हंजी तांबं बी जागेवर हाय, अण्णा.”

“ते उघडल्यावर ठरेल,” अण्णा म्हणाले.

ज्ञानूनं बोल्ट काढून सेल्फ बाहेर घेतला. त्याच्या टोकाला छोटं दातेरी चाक असतं. मोटार फिरली की ते आट्यांवरून पुढं सरकतं आणि इंजिनाच्या मोठ्या चाकाच्या दातांत दात घालतं. ज्ञानूनं अंगठ्यानं ते फिरवून ढकललं. हललं नाही. जोर लावला, तर काकवीत रुतल्यासारखं इंचभर सरकलं आणि तिथंच थांबलं.

“नंबर वाचा त्यावरचा,” अण्णा म्हणाले. ज्ञानूनं वाचला. “थांबा, गाडीचं जुनं पुस्तक आणतो.” मोबाईल घेऊन ते आत गेले.

ज्ञानूनं आट्यांमधलं काळं, चिकट ग्रीस स्क्रूड्रायव्हरनं खरवडलं. त्या काळ्यात काहीतरी पिवळं दिसलं. झेंडूची पाकळी. शेजारी कुंकवाचा लालसर कण.

हे चाक कोरडंच ठेवायचं असतं. ग्रीस लागलं की क्लचची धूळ त्यावर बसत जाते आणि चाक जाम होतं. ज्ञानूच्या दुकानात या चाकाला आजवर कधी ग्रीस लागलं नव्हतं, आणि झेंडू तर तिथं नव्हताच. तो होता या घरातल्या पाटावर.

त्यानं मान वर केली. चैत्रालीनं दोन्ही हात पाठीमागे नेले होते.

“खंडेनवमीला आजोबा म्हणाले, आज सगळ्या यंत्रांना तेलपाणी करायचं,” ती पुटपुटली. “म्हणून मी ग्रीस... छान सरकावं म्हणून. काका, मी बिघडवलं?”

ज्ञानू काही बोलायच्या आत अण्णा बाहेर आले.

“नंबर जुळतो,” ते म्हणाले. आवाजात मात्र समाधान नव्हतं. “पण नंबर वरचा. आतलं कुणी पाहिलंय? आणि सेल्फ जुनाच असेल, तर दुकानात जाऊन आल्यावरच कसा बिघडला?”

उत्तर ज्ञानूच्या बोटावर चिकटलेलं होतं. नुसतं बोट पुढं केलं असतं तरी भागलं असतं. चैत्राली त्या बोटाकडंच बघत होती.

त्यानं बोट फडक्याला पुसलं.

“आट्यांत ग्रीस बसलंय, अण्णा. बसवताना म्या पुसून बगाया पायजे व्हतं. अंधारून आलं व्हतं, घाई केली. चूक माजी हाय.”

“म्हणजे कबूल करताय?”

“बगितलं न्हाई, येवढं कबूल. तांब्याचं न्हाई.”

त्यानं ते चाक पेट्रोलनं धुतलं, स्वच्छ फडक्यानं कोरडं केलं. आता अंगठा लावताच ते सर्रकन पुढं गेलं आणि स्प्रिंगनं मागं आलं. सेल्फ बसला. अण्णांनी किल्ली फिरवली, आणि गाडी पहिल्याच हिसक्याला सुरू झाली.

अण्णा खिडकीतून म्हणाले, “ज्ञानोबा, रागावू नका. पण पुढच्या वेळी मी गाडी पुण्यालाच नेईन.”

“गाडी तुमची हाय, अण्णा,” ज्ञानू म्हणाला. त्यानं पाने पिशवीत भरले, आणि पिशवी खांद्याला लावून तो फाटकाकडं निघाला.

“चैत्राली, बस पुढे. एक चक्कर मारून येऊ.”

चैत्राली गाडीपाशी आली, पण बसली नाही. अण्णांच्या बाजूला जाऊन तिनं खिडकीतून हात आत घातला आणि किल्ली फिरवून सुरू झालेली गाडी बंद केली.

“अगं, हे काय?”

“आजोबा, खाली उतरा,” ती म्हणाली. “ज्ञानूकाकांना थांबवा. मला त्यांच्यासमोर सांगायचंय.”