सेठच्या पंख्याखालचा स्ट्राइक

आमच्या ट्रक ड्रायव्हर युनियनचं हापिस ताराचंद सेठच्या खोलीत हाये. मोहाडीच्या ट्रक अड्ड्यावर, सेठच्याच राइस मिलच्या फाटकाजवळ. खोली सेठची, खुर्च्या सेठच्या, पंखा सेठचा, लाइटचं बिल बी सेठच भरते. दरवाज्यावरचा लाल बोर्ड तेवढा आमचा. आता सांगा, ज्याच्याशी लढाचं त्याच्याच पंख्याची हवा खात बसणारी युनियन तुमी कुठं पाह्यली काय? म्या पाह्यली. मी तिचा मेंबर आहो.

नाव माह्यं यादोराव. सेठच्या गाड्या चालवता चालवता केस पांढरे झाले. लोक म्हणतात, यादोरावचं तोंड लय खराब हाये. असन बाप्पा. या अड्ड्यावर राहून ज्याचं तोंड गोड राह्यलं त्याले दवाखान्यात दाखवा.

आमच्या इथं एक रीत हाये. नवा ड्रायव्हर कामाले लागला का आपलं ओरिजनल लायसन सेठकडे जमा करते. सेठ त्याले ‘भरोसा’ म्हणते. लायसन जाते बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, डबा जाते सेठच्या टेबलाच्या खणात, अन् ड्रायव्हर खिशात झेरॉक्स टाकून देशभर फिरते. पोलिसानं अडवलं त सेठले फोन लावाचा. असं कोणत्या कायद्यात लिहिलं हाये, हे आजपर्यंत कोणी विचारलं नाई. उलट आमाले वाटे, लायसन सेठच्या डब्यात हाये म्हणजे आपली नोकरी पक्की हाये. बैलानं आपला कासरा तोंडात धरून मालकाच्या हाती नेऊन द्यावा, तशी आमची अक्कल.

अश्वजित माह्या मोठ्या भावाचा पोरगा. तो बी सेठच्याच गाडीवर होता. औंदा एसटीच्या ड्रायव्हर भरतीत त्याचं नाव लागलं. घरात कोण आनंद! त्याच्या बायकोनं, खुशबूनं, खाकी कापड बी आणून ठेवलं. सोमवारी भंडाऱ्याले कागद तपासणी होती. ओरिजनल लायसन घेऊन या, झेरॉक्स चालणार नाई, मोबाइलमधलं बी चालणार नाई, असं साफ सांगतलं होतं. सोमवारी लायसन दाखवलं नाई त नाव कटलं, अन् खालच्या माणसाले जागा भेटली.

अश्वजित सेठकडे लायसन मांगाले गेला. सेठ म्हणाला, “देतो ना. पह्यले केरळची एक फेरी मारून ये. तांदूळ भरून उभा हाये.”

“जोडीले दुसरा ड्रायव्हर कोण हाये, सेठ?”

“एकटाच जा. जवान माणूस आहेस.”

केरळच्या फेरीत एकट्या ड्रायव्हरले झोप लागली का काय होते, हे आमच्या अड्ड्यावर कोणाले सांगा लागत नाई. अन् फेरी मारून येईपर्यंत सोमवार केव्हाच निघून गेला असता. अश्वजित नाई म्हणाला. सेठ म्हणाला, मंग लायसन बी नाई. डुप्लिकेट काढाचं म्हटलं त लायसन हरवल्याचा रिपोर्ट पाहिजे. अन् हरवलं कुठं होतं? डब्यात होतं.

म्हणून पोरगा युनियनकडे आला. म्या त्याले म्हटलं होतं, “युनियनकडे जाऊ नोको. थेट टेबलाचा खण उघड अन् घे.” तो म्हणाला, “काका, तसं बरं दिसत नाई. चार लोकायनं मिळून मांगलं पाहिजे.” शिकलेला पोरगा. चार लोकायवर त्याचा विश्वास होता.

शनिवारी सकाळी मीटिंग ठरली. सारे ड्रायव्हर जमले त दरवाज्याले कुलूप. चाबी कोणाकडे? सेठकडे! मंग आमचा अध्यक्ष मंगेश स्वतः मिलमध्ये गेला, अन् सेठच्या विरोधात स्ट्राइकची मीटिंग घेतो म्हणून सेठकडूनच चाबी मांगून आणली. सेठनं चाबी दिली अन् विचारलं, “चहा किती पाठवू?” हे मंगेशनंच आमाले येऊन सांगतलं, हासत. त्यात लाज वाटाची गोष्ट हाये हे त्याच्या ध्यानातच आलं नाई.

हा मंगेश नावाले ड्रायव्हर. पांढरा कडक शर्ट, गळ्यात गमछा, अन् चोवीस तास तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. गाडीच्या टपावर उभा राहून भाषण देते, पण स्टेअरिंगवर बसला त फाटकातून गाडी काढाले दुसऱ्याले हाका मारन.

चहा आला, पंखा लावला, चर्चा सुरू झाली.

धर्मेंद्र पह्यले बोलला. “एका पोट्ट्यासाठी साऱ्यायनं गाड्या काहून उभ्या कराच्या? त्याले एसटी भेटन. आमाले काय भेटन?”

“तुलेबी काही भेटावं म्हणून गाड्या उभ्या कराच्या,” अमर ताडकन उठला. “आज त्याचं लायसन दाबलं, उद्या तुह्यं दाबन. धान उचलाचे दिवस हायेत. खरेदी केंद्रावर पोत्यायच्या थप्प्या लागल्या हायेत. आज चक्का जाम केला त सेठ उद्याच हात जोडत येईन. हेच दिवस हायेत दम दाखवाचे!”

खरं सांगतो, अमर चांगला बोलला. मले वाटलं, चला, या कळपात एक त माणूस निघाला.

धर्मेंद्र म्हणाला, “अन् सेठनं बाहेरचे ड्रायव्हर आणले त?”

“आणू दे ना. चाब्या आपल्याजवळ हायेत. एकही चाबी द्याची नाई!”

टाळ्या पडल्या. मंगेशनं खर्रा बाहेर थुंकला, गमछा सरका केला अन् म्हणाला, “साथीहो, लायसन हा ड्रायव्हरचा स्वाभिमान हाये! सोमवारच्या आधी अश्वजितचं लायसन भेटलं नाई त एकही चाक हालणार नाई!” काय ते चिल्लावणं! पंखा बी हालला असन. अश्वजितचे डोळे भरून आले. मले त्याची कीव आली.

मंग प्रश्न आला, हे सेठले जाऊन सांगन कोण? सारे एकदम चहाच्या कपात पाहाले लागले. कपात काय उत्तर बुडून राह्यलं होतं, देव जाणे.

सांगाची गरजच पडली नाई. सेठ स्वतः आला. हातात तो बिस्किटाचा डबा. “बसा, बसा,” म्हणाला. आमच्याच हापिसात आमाले बसाची परवानगी देते, अन् आमी बसतो. त्यानं डबा टेबलावर पालथा केला. साऱ्यायचे लायसन पसरले. कोणाचे जवानीतले फोटो, काळ्या मिशा, भरलेले गाल.

“युनियनचं म्हणणं मले पटलं,” सेठ गोड आवाजात म्हणाला. “ज्याचं लायसन त्याच्याजवळच पाहिजे. उचला. फक्त, जो उचलन त्यानं गाडीची चाबी इथं ठेवाची अन् दुसरा मालक पाहाचा. अन् एकट्या अश्वजितले देणार नाई. युनियन एक हाये ना? मंग सारे उचला, नाई त साऱ्यायचे राहू द्या.”



धर्मेंद्र म्हणाला, “माह्ये हात खर्र्यानं भरले हायेत.” स्वाभिमानाचा प्रश्न, अन् यायचे हात भरले! अमरनं मोबाइल कानाले लावला अन् “हॅलो, हॅलो” करत बाहेर गेला. फोन वाजलाच नव्हता. मी त्याच्या बाजूलेच बसलो होतो ना! थोबाडावर एक हाणावी वाटली.

मंगेश दाढी खाजवत म्हणाला, “तसं पाह्यलं त सेठजवळ लायसन सुरक्षित राहते. घरी ठेवलं का लेकरं फाडतात.”

“ते प्लास्टिकचं हाये बे,” म्या म्हटलं. “लेकरू फाडन कसं?”

कोणी हासलं नाई. अश्वजितनं साऱ्यायकडे एक एक करून पाह्यलं. शेवटी माह्याकडे पाह्यलं. “काका,” एवढंच म्हणाला.

मंग मी उठलो. म्हटलं, दाखवतोच यायले माणूस कसा असते. चाबी टेबलावर आपटली, ढिगातून माह्यं लायसन उचललं अन् वर धरलं. “घ्या! पाहून घ्या साऱ्यायनं!”

सेठनं खरंच पाह्यलं. चष्मा सरकवला, वाचलं अन् म्हणाला, “यादोराव, याची मुदत कधीचीच संपली ना हो. हे बाद झालं.”

तारीख पाहाले लायसन हातात असा लागते. माह्यं डब्यात होतं. मी झेरॉक्स घेऊन फिरत होतो, अन् झेरॉक्सवरची तारीख केव्हाच पुसून गेली होती. अर्धा देश पालथा घातला म्या बिनालायसनचा!

मंग जे हासले सारे! धर्मेंद्र हासला, मंगेश त पोट धरून हासला. खिडकीतून अमर बी हासला, मोबाइल कानालेच. मेल्यायले दिवसभरात पह्यल्यांदा एकी सापडली. मी खाली पाहात उभा राह्यलो.

त्या हासण्यात अश्वजित उठला. टेबलाजवळ गेला, ढिगातून आपलं लायसन शोधलं, शर्टाच्या खिशात टाकलं. गाडीची चाबी माह्या चाबीच्या बाजूले ठेवली अन् दरवाज्याकडे निघाला. बस, एवढंच. सकाळपासून ज्याच्यासाठी भाषणं झाली, ते काम त्याच्या एका हातानं झालं.

हासणं बंद झालं. सेठ ओरडला, “अबे, ठेव ते खाली!”

“माह्यं हाये, सेठ,” अश्वजित म्हणाला. पाय थांबले नाई. बाहेर मोटारसायकल सुरू झाली अन् भंडाऱ्याच्या रस्त्यानं गेली.

सेठ खुर्चीतून उठला बी नाई. काय करणार होता? नाव पोराचं, फोटो बी पोराचाच. त्यानं फक्त मंगेशकडे पाह्यलं.

मंगेशले तेवढंच पुरलं. गमछा सरका करून तो उभा झाला. “साथीहो, ही शिस्त नाई. युनियनले न विचारता एकट्यानं पाऊल उचलणं म्हणजे गद्दारी हाये. अश्वजितले युनियनमधून काढाचा ठराव मी मांडतो. मंजूर असन त्यायनं हात वर करा.”

सारे हात वर गेले. धर्मेंद्रचा गेला, खर्र्यानं भरलेला. अमर मोबाइल खिशात टाकत आत आला, कायचा ठराव हाये हे बी त्यानं विचारलं नाई, अन् हात वर केला. टेबलावरचं लायसन उचलाले ज्या हातायले जड जात होतं, ते कसे सरसर वर गेले! माह्या मुठीत माह्यं बाद झालेलं लायसन होतं. म्या मूठ उघडली नाई अन् वर बी केली नाई.

सेठनं बाकीचे लायसन डब्यात भरले, झाकण दाबून लावलं अन् मंगेशच्या पाठीवर हात ठेवला.

“साऱ्यायचं एकमत झालं, मंगेशभाऊ,” तो म्हणाला. “युनियन अशी पाहिजे.”

मंग त्यानं अजून एक एक चहा सांगतला. सारे प्यायले.