डबा नंबर एकवीसशे सतरा

मित्रांनो, संगणकाच्या पडद्यावर रकान्यांचा एक करडा तक्ता उघडतो ना, तो मी. मला डेटाबेस म्हणतात. वय सतरा वर्षं. माणसांत हे वय मिशी फुटण्याचं, पण आमच्यात या वयाला पणजोबा म्हणतात. माझ्या बरोबरीचे सगळे केव्हाच पुसले गेले. मी टिकलो, कारण मी कवळ्यांच्या कारखान्यात नोकरीला आहे आणि तिथे म्हाताऱ्यांना मान आहे.

कारखाना म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बाक, आरसा आणि मी. आतल्या खोलीत भिंतभर फळ्या, त्यांवर पुठ्ठ्याचे चार हजार डबे, आणि प्रत्येक डब्यात एकेका माणसाच्या जबड्याचा साचा. कवळी मोडली, हरवली, नातवाने लपवली, तर काका साच्यावरून अर्ध्या दिवसात नवी करून देतात. काका म्हणजे इथले कारागीर आणि माझे मालक. डब्यांवर नाव नसतं, नुसता नंबर. लोकांना दात नसल्याची लाज वाटत नाही, शेजाऱ्याला ते कळण्याची वाटते. तेव्हा कुठला नंबर कुणाचा, हे फक्त मला ठाऊक. पूर्वी ते एका जाड वहीत असायचं. मी आलो आणि काकांनी वही रद्दीत टाकली. तेव्हा मला भारी वाटलं होतं. माझी अक्कलही तेव्हा कोवळीच होती.

पहिली काही वर्षं फार कौतुक झालं. काका येणाऱ्या-जाणाऱ्याला पडदा वळवून मला दाखवत. पण कौतुकाचं पुढे काय होतं, सांगू? माणसाला वाटतं, एवढं करतो तर आणखी थोडं करील. मग माझ्यावर ॲड-इन बसवायला सुरुवात झाली. ॲड-इन म्हणजे जादा कामासाठी बाहेरून आणून माझ्या घरात ठेवलेली मंडळी. पहिला आला नकल्या. मी उघडलो रे उघडलो की माझी सगळी कवाडं धरून तो आधी माझी एक नक्कल काढून ठेवी. दुसरा आठवण्या, कुणाची कवळी कधी द्यायची ते सांगणारा. आणि सोमवारी संध्याकाळी तिसरा आला, कुलप्या. हा माझ्यातली आणि जुन्या नकलांमधलीही नावं झाकून त्या जागी चांदण्या दाखवी आणि काकांनी परवलीचा शब्द दिला की नावं उघडी करी. मला विचारलं का कुणी? छे. म्हाताऱ्याला विचारायचं नसतं, त्याच्या खोलीत पाहुणे झोपवायचे असतात.

मंगळवारी सकाळी काकांनी मला उघडलं आणि मी जागच्या जागी थिजलो. हलेना की बोलेना.

नेमके त्याच वेळी दारात घड्याळवाले आजोबा आले, तोंडावर रुमाल धरून. बरोबर त्यांची बायको, शिशुवर्गाच्या बाई. आजोबांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेली, त्यामुळे कवळी जरा टोचायला लागल्यावर ते स्वतःच कानस घेऊन बसले. तिचे तीन तुकडे झाले. हे सगळं बाईंनीच सांगितलं, कारण आजोबा तोंड उघडायला तयार नव्हते. त्याच संध्याकाळी सहा वाजता बाईंचा निरोप समारंभ होता, पस्तीस वर्षांच्या नोकरीचा, आणि आजोबांना त्यात चार शब्द बोलायचे होते. बाई म्हणाल्या, दुसरं कुणीतरी वाचून दाखवील हो. आजोबांनी खिशातल्या कागदावर हात ठेवला आणि अशी मान हलवली की विषयच संपला.

काकांचा चेहरा उतरला. साचा आत होता, पण चार हजारांतला कुठला? त्यांनी मला बंद करून पुन्हा उघडलं. मग टेबलाला थापड मारली. टेबलाने काय घोडं मारलं होतं, देव जाणे. मग म्हणाले, मी जबड्यावरून माणूस ओळखतो, आणि अंदाजाने एक डबा घेऊन आले. तो साचा आजोबांच्या हनुवटीशी धरला, तर त्यात आजोबांसारखे दोन मावले असते.

शेवटी संगणक दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला. तो परगावी होता. त्याने एवढंच सांगितलं, की शिफ्टची कळ दाबून धरून उघडा म्हणजे ॲड-इन बाहेर राहतील, बहुतेक त्यांचंच आपसांत भांडण असणार. तसं केल्यावर मी टुणकन उठलो. पण कुलप्या बाहेर, त्यामुळे नावांच्या जागी नुसत्या चांदण्या.

बाईंनी खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसल्या. "भांडण आहे ना? मग हे माझं काम." शिशुवर्गात त्या करत तेच त्यांनी काकांना करायला लावलं. सगळे बाहेर, आता एकेकाला आत घ्या. नकल्याला घेऊन मला उघडलं. ठीक. आठवण्याला घेतलं. ठीक. कुलप्याला घेतलं आणि मी पुन्हा थिजलो.

काका म्हणाले, चोर सापडला. त्यांनी शिफ्ट धरून मला उघडलं आणि कुलप्याच्या नावावर जाऊन 'काढून टाका' दाबलं. मित्रांनो, कुलप्या गेला तर किल्लीही त्याच्याबरोबर जाणार आणि चार हजार माणसं कायमची चांदण्या होऊन बसणार. मला ओरडता थोडंच येतं? अशा वेळी मी फक्त 'नक्की?' असं विचारू शकतो. तेवढं विचारलं. काका 'हो' दाबणार, तोच बाईंनी त्यांचा हात धरला.

"थांबा. जो शेवटी आत आला तोच खोडकर, असं कुणी सांगितलं? टाळी एका हाताने वाजत नाही. तो आला तेव्हा आत कोण बसलं होतं?"

नकल्या आणि आठवण्या बसले होते. त्यांना बाहेर घालवून कुलप्याला एकट्याला घेतलं, तर गुणी बाळासारखा बसला. काकांनी परवलीचा शब्द टाकला आणि भराभर चांदण्यांची नावं झाली. घड्याळवाले, डबा नंबर एकवीसशे सतरा. काका धावतच आत गेले.

बाई मात्र भांडण मिटल्याशिवाय उठल्या नाहीत. कुलप्याशेजारी आठवण्याला बसवलं, दोघे गप्प. नकल्याला बसवलं, मी आडवा. मी उघडताच नकल्या सगळी कवाडं धरून ठेवायचा आणि त्याच घटकेला कुलप्या आत शिरू बघायचा. हा सोडेना, तो हटेना, आणि मधल्या मध्ये माझा जीव जायचा. खरं तर दोघेही आपापलं काम इमानाने करत होते. बाईंनी शोधून शोधून नकल्याची वेळ बदलली. नक्कल आता संध्याकाळी, मी बंद होताना. तेव्हापासून माझ्या घरात शांतता आहे.

पाच वाजता आजोबांच्या तोंडात नवी कवळी बसली. काका सगळ्यांना सांगतात तसं म्हणाले, सहासष्ट म्हणून दाखवा. स नीट आला की कवळी नीट. आजोबांनी तोंड उघडायच्या आत बाईंनी सांगून टाकलं, की यांना जरा घट्ट वाटतेय. आजोबांनी रुमाल खाली ठेवला आणि बाईंकडे वळले.

"चाळीस वर्षं माझं सगळं तूच बोललीस. आज तुझ्याबद्दल मी बोलणार आहे. तू नुसती ऐक."

बाईंनी डोळे टिपायला आजोबांचा रुमाल उचलला, तो दिवसभर कुठे होता ते आठवलं, आणि मुकाट्याने पर्समधला स्वतःचा काढला.

एकवीसशे सतराच्या शेऱ्यात काकांनी लिहिलं, 'सहासष्ट म्हटलं नाही. कवळी बरोबर आहे.' दुसऱ्या दिवशी त्यांनी एक जाड वही आणली आणि सगळे नंबर उतरवून कपाटात कुलपात ठेवली. मला राग आला नाही, उलट हायसं वाटलं. मित्रांनो, म्हाताऱ्यावर विश्वास टाका, पण त्याच्या उशाशी एक वही असू द्या. घरात नवा पाहुणा आणलात तर जुन्यांशी त्याचं जमतंय का ते बघा, आणि बिनसलं तर शेवटी आलेल्याच्या माथी खापर फोडू नका. आणि मी 'नक्की?' विचारलं, की 'हो' म्हणायची घाई नको. मला तेवढंच बोलता येतं.