न आलेला मेल

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या बाईंना सगळे डॉक्टर ‘ताई’ म्हणत. मेलचा ढीग त्यांना आवरेना, म्हणून नणंदेनं महत्त्वाप्रमाणे मेल आपोआप कप्प्यांत लावून ठेवणारं सॉफ्टवेअर त्यांच्या कॉम्प्युटरवर टाकून दिलं आणि आता काही बघायलाच नको, असं सांगून गेली.

सोमवारी दुपारी एका डॉक्टरांचा फोन आला. त्यांच्याकडच्या एका निवृत्त मास्तरांची कवळी पांढरीफटक झाली होती. दोन छटा गडद करा, असा मेल त्यांनी आठवड्यापूर्वीच पाठवला होता.

“मास्तर आरशात बघून म्हणाले, हे तोंड माझं नाही. कवळी इथंच ठेवून गेले.”

ताई कॉम्प्युटरपाशी गेल्या. त्यांनी इनबॉक्स पालथा घातला, मेल नव्हता. शेवटी ‘सावकाश’ नावाच्या कप्प्यात तो सापडला, आणखी चाळीस मेलांच्या गर्दीत. विषयाच्या जागी डॉक्टरांनी नुसतं ‘बदल’ लिहिलं होतं. एका शब्दाच्या विषयाचा मेल सॉफ्टवेअरच्या लेखी बिनमहत्त्वाचा.

सेटिंगमध्ये लिहिलं होतं, ‘बिनमहत्त्वाचे मेल न दाखवणे बंद ठेवा’. पुढचा चौकोन मुळातच रिकामा. रिकामा म्हणजे दाखवतं की लपवतं? माहितीपुस्तिका तिसऱ्या पानावर एक सांगे, अकराव्यावर नेमकं उलट. मूळ सेटिंग बहुतेकांना सोयीची असते, एवढं मात्र दोन्हीकडे होतं. ताईंनी चौकोनात खूण केली, काढली, परत केली, दर वेळी फोनवरून स्वतःलाच मेल पाठवून पाहिला. सगळे सावकाशमध्ये. नवऱ्यानं पुस्तिका वाचून पाहिली आणि लिहिणाऱ्यानं ती परत वाचलेली दिसत नाही, एवढंच म्हणून चष्मा काढून ठेवला.

ताईंनी नणंदेला फोन लावला. तिच्या ऑफिसात सगळे हेच वापरतात, असं ती जरा घुश्शातच म्हणाली.

“आणि तुझे मेल सगळे येतात?”

“न आलेले मला कसे कळणार, वहिनी?”

ताईंनी सॉफ्टवेअरच काढून टाकलं आणि कवळी नव्यानं करायला घेतली. दात बसवायचं मेण रागाच्या भरात दोनदा बिघडलं.

गुरुवारी त्या स्वतः दवाखान्यात कवळी घेऊन गेल्या. मास्तरांनी ती बसवली, आरशात बराच वेळ पाहिलं, वर्तमानपत्रातली एक ओळ मोठ्यानं वाचली. ‘स’ला अडखळले.

“रंग ठीक आहे,” ते म्हणाले. “पण चार दिवस मी नुसतं पातळ खाऊन काढलेत, बाई.”

ताईंनी मान खाली घातली. मेल कुठल्या कप्प्यात गेला होता, हे त्यांना काय सांगायचं?