एकटीची भुलाबाई

सुनीती आली आणि बसली नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी खिरापतीच्या डब्याला झाकण लावण्यात गुंतले होते.

"कौमुदी, अनुश्रीचं शाळेत नाव टाकलं," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "सोमवारपासून जाणार आहे. आज येत नाही ती, युनिफॉर्म घ्यायला गेली बाबासोबत."

झाकण काही केल्या बसेना. घरशाळा सुरू केली तेव्हा रायपूरच्या या चौबे कॉलोनीतली आम्ही चार मराठी घरं होतो. मुली हिंदीत भांडतात, आजीचा फोन आला की पळून जातात, म्हणून त्यांना शाळेतून काढलं. रोज एकीच्या घरी जमायचं, अभ्यास करायचा आणि आपल्या सणांत, आपल्या गाण्यांत पोरी वाढवायच्या. कल्पना माझी. नवऱ्यांना पटवलं मी, सासूबाईंचे टोमणे खाल्ले तेही मीच. मग शर्मिष्ठाच्या नवऱ्याची बिलासपूरला बदली झाली. विनोदिनीनं जूनमध्ये गुपचूप मुलीला शाळेत घातलं आणि रस्त्यात मी दिसले की ती भाजीवाल्याशी बोलण्यात दंग होऊ लागली. उरल्या दोन मुली, माझी ऋता आणि सुनीतीची अनुश्री. त्या दोघींच्या जिवावर मी अजून 'आपला ग्रुप' म्हणून मिरवत होते.

"काहून पण? भुलाबाई बसली ना घरात!"

"भुलाबाई महिनाभर राहते. बाकीचे अकरा महिने काय करू?" सुनीतीनं कपाळ चोळलं. "मले होत नाही आता. डबा, मग गणित, मग ऑफिस, मग तुझी गाणी. अन् पोट्टी म्हणते, मेरी कोई दोस्त नहीं है. ऋता आहे न, म्हटलं. तर चूप बसली."

मला राग आला. पण तोही धड आला नाही, मध्येच दमला. "तुझी मर्जी," एवढंच म्हणाले. तिनंही समजूत काढली नाही.

भुलाबाई हा आमच्या विदर्भातल्या मुलींचा सण. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत मातीची भुलाबाई मांडायची, संध्याकाळी टिपऱ्या वाजवत गाणी म्हणायची आणि शेवटी बंद डब्यातली खिरापत ओळखायची. ओळखायची ती पाहुण्या मुलींनी. ज्या घरची खिरापत, त्या घरच्या मुलीनं तोंड मिटून हसत बसायचं. लहानपणी नागपुरात आमच्या गल्लीत हा गलका चार घरं ऐकू जायचा. रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या कुंभाराला दरवर्षी समजावून सांगून मी मूर्ती करून घेते ती त्याच हौसेपोटी.

त्या संध्याकाळी पाहुणी मुलगी एकही नव्हती. एक दिवस राहू दे, असं म्हणता आलं असतं. मी तसं म्हणाले नाही. ऋतानं दिवा लावला, समोर टिपरी धरायला कुणी नाही म्हणून आपल्याच दोन टिपऱ्या एकमेकींवर वाजवत रोजची पाचही गाणी म्हटली. एक कडवंसुद्धा गाळलं नाही. मी बेसूर साथ करत होते. पाय दुखत होते आणि कधी एकदा संपतं असं झालं होतं.

मग मी डबा हलवला. "ओळख."

"गोड की तिखट?"

"गोड."

"लाडू?"

"नाही."

"शंकरपाळे? खुरमी?"

"अंहं."

"करंजी? चिक्की?" गालावर बोट टेकवून ती मनापासून विचार करत होती. मला बरं वाटायला लागलं होतं. पुन्हा डबा हलवायला घेतला आणि माझा हात तिथंच थांबला.

डब्यातल्या नारळाच्या वड्या सकाळी ऋतानंच कापल्या होत्या. त्याच ताटावर आम्ही अपूर्णांक शिकलो, अर्धा आणि पाव. एक पाव तिनं खाल्लाही होता. दिवसभर माझ्याच मागेपुढे असणाऱ्या पोरीपासून मी कुठली खिरापत लपवणार होते? ती माझ्यासाठी चुकत होती. आईचा खेळ लवकर संपू नये म्हणून दहा वर्षांची मुलगी एकेक खोटं नाव शोधून काढत होती.

मी डबा खाली ठेवला. "ऋता, तुले शाळेत जायचं आहे काय?"

तिनं आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "तुले काय वाटते?"

"माझं सोड. तुले?"

"यहाँ भी अच्छा लगता है, आई." अजून ती माझ्या तोंडाकडेच बघत होती.

मला रडू फुटलं. एवढी मेहनत करून मी हिला काय शिकवलं, तर माझा चेहरा वाचायला. ऋता घाबरली. धावत येऊन गळ्यात पडली आणि म्हणाली, "नारळाच्या वड्या! ओळखलं न मी? रोऊ नको न आई."

बराच वेळ मी तिला तशीच धरून बसले. मग डोळे पुसले आणि म्हटलं, "सोमवारी आपणही शाळा पाहून येऊ."

"अनुश्रीवालीच न?"

हे विचारताना तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.