संघदीपचं शहर

“मोठेबाबा, यात दादाचं काहीच नाई. लॅपटॉप कोरा हाय.”

साक्षी खुर्ची सरकवून बाजूला झाली. माणिकरावांनी वाकून पाहिलं. निळा, स्वच्छ पडदा.

“अवं, नीट पाय ना. त्यानं त्या खेळात शहर बांधलं होतं. नदीकाठी. दोन वर्सं लागला होता त्यात.”

“दुकानवाल्यानं सारं पुसलं. त्याले कोनं सांगतलं असं?”

 सांगणारे माणिकरावच होते.

संघदीप जाऊन वर्ष झालं होतं. पुण्याहून गावी येताना ट्रकनं त्याची मोटारसायकल उडवली. पहिल्या स्मृतिदिनाला केशरबाईंनी लेकाच्या वस्तू दान करायच्या ठरवल्या. दान द्यायचं ते धुऊन-पुसून, मळकी वस्तू कुणाच्या हातात ठेवायची नाही, हा त्यांचा जुना नेम. त्यांनी त्याचे शर्ट धुतले, इस्त्री केले, तुटलेली बटणं शिवली. लॅपटॉप पुतणीला, साक्षीला द्यायचा होता, तिच्या अभ्यासासाठी. माणिकराव तो वाशीमच्या बाजारात घेऊन गेले. दुकानदारानं विचारलं, “पूर्ण साफ करू काय, काका?” ते म्हणाले, “पोरीले दानात द्यायचा हाय. एक डाग राहू नोको देजा.”

शहराची आठवण त्यांना आज झाली, लॅपटॉप साक्षीच्या हातात दिल्यावर.

माणिकरावांचं आयुष्य वाचनालयात गेलं. एकतीस वर्षं पुस्तकांना पुठ्ठे घातले, फाटक्या पानांना खळ लावली. जी वस्तू कपाटात ठेवता येत नाही ती आपली, हे त्यांच्या गळी उतरत नसे. संघदीपनं खेळ विकत घेतला आणि हात हलवत घरी आला, तेव्हा बापलेकांची चांगलीच जुंपली होती.

“डब्बा कुठं हाय?”

“डब्बा नसते आता, बाबा. नेटवरून उतरवून घेतला.”

“डिस्क आनाची ना बापा. हातात तर राह्यते.”

“डिस्कवर एक ओरखडा पडला का संपली. माह्यावालं वर जमा राह्यते. लॅपटॉप जळला तरी शहर जात नाई.” मग हसून म्हणाला होता, “या ना, दाखवतो. तुमच्या आवडीचं केलं हाय. रुंद रस्ते, झाडं.”

“पाहू सवडीनं,” माणिकराव म्हणाले होते. वर्तमानपत्रांची फाइल शिवायची राहिली होती. पुढच्या दिवाळीत पुन्हा बोलावलं, तेव्हाही काहीतरी राहिलंच होतं.

“तो म्हने, वर जमा राह्यते,” ते आता साक्षीला म्हणाले. “मंग वरून आन ना.”

साक्षीचा चेहरा उजळला. “हो, राहीन! खातं उघडा लागते फक्त.” तिनं दादाचा ईमेल टाकला. पासवर्ड तिसऱ्या झटक्यात जमला. आईचं नाव आणि जन्मसाल. पण पडद्यानं पुढं आणखी एक मागितलं, आणि तिची बोटं थांबली. “ओटीपी पायजे. दादाच्या नंबरवर जाईन तो.”

फोन अपघातातच चुरला होता. सिमचं रिचार्ज कुणी केलं नव्हतं. नंबर माणिकरावांना पाठ होता. त्यांनी लावून पाहिला, आणि पलीकडे घंटी वाजली. केशरबाई स्वयंपाकघरातून दारात येऊन उभ्या राहिल्या.

“हॅलो, कोण?” कोवळा, दूरच्या मुलखातला बाईचा आवाज.

“बाई, हा नंबर आदी माह्या पोराचा होता. तो वारला. तुमाले आता सहा आकडे येतीन, तेवढे सांगता काय?”

“ओटीपी ना?”

“हो बाई. त्याचं एक शहर...”

“काका, ओटीपी मागणारे सगळे असंच रडतात,” ती म्हणाली. तिनं फोन ठेवला. पुन्हा लावला तर लागेना.

“कशी बाई हाय!” साक्षी चिडली.

“तिचं काय चुकलं?” माणिकराव म्हणाले. “मी बी तुह्या मोठ्या आईले हेच शिकवलं हाय.”

साक्षीनं कंपनीला पत्र लिहिलं, मृत्यूचा दाखला जोडला. नवव्या दिवशी उत्तर आलं. खातं ज्याचं त्याचंच, ते दुसऱ्या कुणाला देता येत नाही. खेळ त्यानं विकत घेतलेलाच नव्हता, खेळायची परवानगी तेवढी घेतली होती. जन्मभर लोकांना पुस्तकं वापरायला दिलेल्या माणसाला ते चटकन समजलं. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं नाही.

केशरबाई एवढंच म्हणाल्या, “माह्याच नेमापायी पुसल्या गेलं.” त्यानंतर सकाळची बुद्धवंदना त्या मनातल्या मनात म्हणू लागल्या. घरात आवाज येईना.

शेवटी, मोठेबाबांना निदान तो खेळ तरी पाहता यावा म्हणून, साक्षीनं अकोल्याच्या एका दुकानातून त्याच खेळाची जुनी डिस्क आणली, डब्यासकट. माणिकरावांनी डबा उलटसुलट करून पाहिला, कडेवरून बोट फिरवलं. डिस्क सुरू झाली. संगीत वाजलं. पडद्यावर हिरवं माळरान पसरलं, मधून नदी गेली होती. घर नाही, रस्ता नाही.

“यात नवीनच बांधा लागते, मोठेबाबा,” साक्षी हळूच म्हणाली. “दादाचं यात येत नाई.”

केशरबाई पदराला हात पुसत आल्या आणि नवऱ्याशेजारी सतरंजीवर बसल्या. “दिसलं काय जी? कुठं हाय त्याचं शहर?”

साक्षीनं मान खाली घातली. माणिकरावांनी बराच वेळ नदीचं वळण न्याहाळलं. मग हात पुढे केला आणि काठावरच्या रिकाम्या गवतावर बोट टेकवलं.

“इथं,” ते म्हणाले.

केशरबाई चष्मा सावरून त्या गवताकडे पाहत राहिल्या.