आधी मासळी

माझ्या भावजींना बाजारात बर्फशेठ म्हणतात. विमानाने मासळी परदेशी पाठवायचा त्यांचा धंदा. डोक्यावर बर्फ आणि तोंडात साखर ठेवावी, असं शहाणी माणसं सांगतात. भावजींनी साखर गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवली आणि बर्फ तेवढा घरी आणला. मी त्यांची मेहुणी, आणि त्यांच्याच ऑफिसात विमानात मालासाठी जागा बुक करायचं काम करते. म्हणजे त्यांचे टोमणे मला दोन्हीकडे ऐकायला मिळतात, पगार मात्र एकाच ठिकाणचा.

धंद्यातली गोम आधीच सांगते. आमची मासळी गोठवलेली असते, महिनोन्‌महिने फ्रीझरमध्ये दगड होऊन पडलेली. खोक्यावर शिक्का मात्र ‘ताजी’. ताज्या मासळीला दर चढा मिळतो, आणि विमानात चढतानाही तिचा मान पहिला. थर्माकोलची खोकी आम्ही मुद्दाम पातळ घेतो. प्रवासात मासळी आपोआप वितळते आणि पलीकडे अशी ओलीचिंब उतरते, की पाहणाऱ्याला वाटावं, आत्ताच जाळ्यातून काढली. विमान कंपनी आमची मासळी नेते आणि वितळवूनही देते, तेही त्याच भाड्यात. ऑफिसात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी ब्र काढत नव्हतं.

आमचे बाबा लेकींना भेटायला म्हणून इकडे आले होते. सोमवारी सकाळी चहा पिता पिता गेले. कपसुद्धा सांडला नाही, इतके शांतपणे गेले.

आई तिकडे, घरी, आमची मासळी उतरते त्याच शहरात. तिचं हृदय नाजूक, विमानात बसायला डॉक्टरांची सक्त मनाई. फोनवर ती एवढंच म्हणाली, “मला एकदा त्यांचं तोंड पाहू दे गं. मग काय करायचं ते करा.” ताईने आणि मी तिला शब्द दिला. शेजारीण सांगत होती, तेव्हापासून आई दाराशी खुर्ची टाकून बसलीय आणि पाण्याशिवाय काही घेत नाहीये.

भावजींनी आमचं सांत्वन केलं. “देह नाशवंत आहे,” ते म्हणाले. हा शब्द त्यांच्या जिभेवर बसलेलाच आहे, आमच्या प्रत्येक खोक्यावर तो छापलेला असतो. मग त्यांनी शवागाराचं रोजचं भाडं विचारलं आणि ऐकून कपाळाला आठ्या घातल्या. “आपली कोल्ड रूम अर्धी रिकामी आहे,” ते ताईला म्हणाले. “घरचं माणूस, परकं थोडंच आहे?” ताईने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. लग्न झाल्यापासून ती नुसतं पाहतच आली होती. मला त्या क्षणी तिचाही राग आला.

बुधवारच्या विमानात बाबांसाठी जागा मी स्वतः बुक केली. त्याच विमानात आमची मासळीही होती, पण विमान मोठं, त्यामुळे मी निर्धास्त होते. बुधवारी दुपारी ताई, भावजी आणि मी कार्गोच्या गोदामात पोचलो, तर कळलं, मोठ्या विमानात बिघाड झालाय, आज लहान येणार.

कुठला माल चढवायचा हे ठरवणारे साहेब तिथे वजनकाट्याजवळच उभे होते. अंगाने काडीसारखे, म्हणून हमाल त्यांना ‘वजनदार’ म्हणतात. ते संकोचून म्हणाले, “एक अडचण आहे. मागचा कप्पा प्रवाशांच्या सामानाने भरलाय. पुढचा एकच उरलाय. आणि खाण्याचा माल नि शवपेटी एका कप्प्यात ठेवत नाहीत, तसा नियमच आहे. दोन्हीपैकी एक आज जाईल, दुसरं शनिवारी. आता एकाच घरचा माल... माफ करा, एकाच घरातलं आहे, तर तुम्हीच ठरवा.”

“त्यात ठरवायचं काय?” भावजी म्हणाले. “आधी मासळी.”

बाबांची पेटी समोरच ढकलगाडीवर होती. तिच्या शेजारी आमची खोकी, एकावर एक रचलेली, प्रत्येकावर निळा शिक्का. ताई पेटीशी उभी होती.

“भावजी, आई वाट पाहतेय,” मी म्हणाले.

“मला कळत नाही का? पण जरा व्यवहाराने विचार करा.” मग त्यांनी आवाज खाली आणला. तोंडात साखर आली, म्हणजे मीही गिऱ्हाईक झाले होते. “बाबा म्हणजे देवमाणूस. आयुष्यभर दुसऱ्याला आधी जागा दिली त्यांनी. आज असते तर स्वतःच म्हणाले असते, माझं राहू द्या, तुमचा धंदा बघा.”

मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय! याच देवमाणसाने अंघोळीला जरा जास्त गरम पाणी घेतलं, की भावजी न्हाणीघराचं दार ठोठावायचे.

“शनिवारपर्यंत बाबांना काय होणार आहे?” ते पुढे म्हणाले. “आणि ही ताजी मासळी आहे साहेब, ताजी! एकेक तास महत्त्वाचा. तिकडे गिऱ्हाईक थांबलंय.”

साहेबांनी आमच्याकडे पाहिलं, मग नाइलाजाने कागद पुढे ओढला. मी तोंड उघडणार, एवढ्यात भावजींनी माझ्याकडे एक नजर टाकली. त्या नजरेत माझी नोकरी होती. मी नजर खोक्यांवरच्या शिक्क्यांकडे वळवली आणि माझी मलाच लाज वाटली.

“साहेब, त्यातलं एक खोकं उघडा,” ताई म्हणाली.

तिचा आवाज इतका साधा होता, की आधी कुणाला काही कळलंच नाही.

“तू गप्प बस गं,” भावजी म्हणाले. “तुला धंद्यातलं काय कळतं?”

“कुठलंही उघडा.”

साहेबांनी वरचं खोकं घेतलं, चिकटपट्टी कापली, झाकण काढलं. एक मासा शेपटीला धरून उचलला आणि काट्याच्या लोखंडी कडेवर आपटून पाहिला. ठण्ण! सगळ्या गोदामाला ऐकू गेलं. एक हमाल फिस्सकन हसला आणि पेटीकडे लक्ष जाताच त्याने मान खाली घातली.

“हे मासे मरून चार महिने झाले,” ताई म्हणाली. “माझे बाबा परवा गेले. या सगळ्यांत ताजे कोण असतील, तर ते माझे बाबा आहेत. आधी त्यांना जाऊ द्या.”

भावजी “अहो साहेब, त्याचं असं आहे,” म्हणत खोक्याचं झाकण शोधू लागले. साहेबांनी मासा परत खोक्यात ठेवला, रुमालाला हात पुसले आणि हमालांना हाक मारली. “खोकी बाजूला घ्या. पेटी चढवा. नीट, सांभाळून.” मग भावजींकडे वळून म्हणाले, “हा दगड शनिवारपर्यंत फ्रीझरमध्ये सुखाने राहील. शिक्का मात्र खरा मारून आणा. आणि यापुढे तुमचं प्रत्येक खोकं मी उघडून बघणार.”

चौघा हमालांनी मिळून पेटी आत नेली. मी आईला फोन लावला. “बाबा निघाले,” एवढंच बोलता आलं, पुढे मला रडूच फुटलं. “बरं,” आई म्हणाली. “आता घोटभर चहा घेते.”

विमानाचं दार लागलं तरी ताई तिकडेच पाहत उभी होती. भावजी तिच्यासमोर येऊन थांबले. चेहरा पांढराफटक, हातात फोन, आणि फोन सारखा वाजत होता.

“वाटोळं केलंस तू माझं! आता गिऱ्हाइकाला काय सांगू?”

“सांगा, घरातलं माणूस गेलंय,” ताई म्हणाली. “परवापासून अजून कुणालाच सांगितलं नाहीत तुम्ही.”